वाटेवरची पिशवी

तिकीटबाईला कशाची भीती वाटत नाही हे सांगणं सोपं, कारण तसं फारसं काही नव्हतंच. लिफ्टची वाटे, कुत्र्याची वाटे, गच्चीच्या कठड्याची वाटे. शेगडी बंद केली की नाही या शंकेने ती अर्धा जिना उतरून पुन्हा वर जाई, आणि वर गेल्यावर खालचं दार उघडं राहिलं असेल या धास्तीने धावत खाली येई. तिचे सासरे म्हणत, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस असतो म्हणतात. आमच्या सूनबाईच्या मागे लागलेला तो बिचारा आता धापा टाकत कुठेतरी बसला असेल."

तिकीटबाई हे अर्थातच तिचं नाव नव्हे. एका प्रवासी कंपनीच्या काचेच्या खिडकीमागे ती लग्नाच्या आधीपासून बसत होती, म्हणून साऱ्या वस्तीत तेच नाव पडलं. लोक यायचे, डोंगर मागायचे, समुद्र मागायचे. ती मान खाली घालून तिकीट लिहायची आणि आठवणीने सांगायची, "डावीकडची जागा घ्या, पाणी त्याच बाजूला दिसतं." तिने स्वतः ते पाणी कधी पाहिलं नव्हतं. परत आलेल्या लोकांना विचारून विचारून तिने साऱ्या मुलखाचं ज्ञान गोळा केलं होतं. कोणत्या गावी अंथरूण ओलसर असतं, कुठल्या घाटात पोटात ढवळतं, हे तिला पाठ होतं. आणि प्रत्येक नव्या माहितीबरोबर घरीच राहण्याचा तिचा निश्चय अधिक पक्का होत होता.

मग लोक फोनवरूनच तिकिटं काढू लागले. खिडकीसमोरची रांग आटली, आणि एक दिवस खिडकीच बंद झाली. तिकीटबाई घरी बसली. रिकाम्या घरात भीतीला पाय फुटतात. पूर्वी दिवसाचे आठ तास तरी तिला घाबरायला उसंत नसे. आता नळातून हवेचा आवाज आला तरी तिच्या काळजात धस्स व्हायचं.

विद्यापीठाची जाहिरात सासऱ्यांनीच पेपरातून वाचून दाखवली. मनोरंजन, क्रीडा आणि पर्यटन असा विभाग होता, आणि नोकरी सुटलेल्या मोठ्या माणसांसाठी त्यात काही जागा ठेवलेल्या होत्या.

"या वयात तिला पळायला लावतील," तिचा नवरा म्हणाला. त्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि दूरचं त्याला नेहमीच जरा धूसर दिसे.

"पळू दे की," सासरे म्हणाले. "घरी बसून भीती वाटतेच आहे. मग बाहेर जाऊन वाटू दे. निदान हवा तरी लागेल."

सासरे जन्मभर सुतारकाम करत आलेले. कारखान्यातल्या करवतीच्या आवाजाने त्यांचा एक कान पार नेला होता आणि दुसऱ्याला अर्धाच ठेवला होता. कानात घालायचं यंत्र त्यांच्याकडे होतं, पण वाऱ्यात ते किंचाळतं म्हणून बाहेर पडताना ते काढून डबीत ठेवत. त्यामुळे त्यांना जे सांगायचं असे ते ते सांगून टाकत, आणि उलट उत्तर ऐकण्याच्या भानगडीत पडत नसत.

उलट उत्तर द्यायला नणंद होतीच. ती नवऱ्याहून मोठी, लाँड्रीची मालकीण. कडक इस्त्रीची बाई. कुणाच्या कॉलरवर डाग दिसला तर ती बोलता बोलता हात पुढे करून तो खरवडून बघायची. ती म्हणाली, "खेळायला आणि फिरायला विद्यापीठ! आमच्या वेळी याला उनाडक्या म्हणायचे. त्याबद्दल मार मिळायचा बाई, पदवी नाही."

तरीही तिकीटबाई गेली. विभाग व्यायामशाळेच्या मागच्या अंगाला होता. जिन्यात रबरी गाद्यांचा आणि ओल्या टॉवेलांचा वास, वर्गाच्या कोपऱ्यात जाळीत भरलेले चेंडू. वर्गातली मुलं तिच्या भाचरांच्या वयाची. त्यांनी पहिल्याच दिवशी तिला मावशी करून टाकलं. उद्यानात कोण का येतं, कोण का येत नाही, माणसाला फुरसत कशाला लागते, म्हाताऱ्यांना कोणते खेळ झेपतात, मुरगळलेला पाय कसा बांधायचा, असं सगळं तिथं शिकवत. तिकीटबाई घाबरत घाबरत सगळं शिकली. पोहण्याच्या तलावात ती पहिले कित्येक दिवस कडेची दांडी धरून नुसती उभी राहिली. शेवटी दांडी सोडली तेव्हा साऱ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या, आणि त्या आवाजाने दचकून तिने ती पुन्हा पकडली.

एका विषयात मात्र तिचा हात कुणी धरू शकत नसे. कुठेही गट न्यायचा तर आधी धोक्यांचा तक्ता करावा लागे. काय काय होऊ शकतं, आणि झालं तर काय करायचं. बाकीच्यांचा तक्ता पानभर, तर तिचा वहीभर. निसरडी वाट, मधमाश्या, वीज, छातीत कळ, आणि खोकताना कुणाची कवळी दरीत पडली तर. शिकवणारे सर गळ्यात कायम शिट्टी अडकवून फिरत, म्हणून त्यांना सगळे शिट्टीसर म्हणत. तक्ता वाचून ते म्हणाले, "मावशी, हे वाचून मलाच घरी जावंसं वाटायला लागलंय."

शेवटच्या वर्षाची परीक्षा म्हणजे एक दिवसाची डोंगरवाट. गट आपला आपण जमवायचा, ओळखीपाळखीचे साधे लोक, त्यातले निदान निम्मे साठीच्या पुढचे. विद्यार्थ्याने पुढे चालायचं. सर बरोबर असणार, पण ते फक्त बघणार. आणि सगळ्यांत शेवटी वर्गातलंच एक कुणी, त्याला शेपूट म्हणत. शेपटाच्या मागे गटातलं कुणीही राहायचं नाही, हा नियम.

तिकीटबाईचं शेपूट होती बुलेट. विद्यापीठाची धावपटू, काटकुळी, बोलायलाही जोरात. गटात सासरे होते, नणंद होती, कोपऱ्यावरचा बेकरीवाला आणि त्याची बायको होती, आणि निवृत्त कारकून सपत्नीक होते. नणंद येते म्हणाली तेव्हा तिकीटबाईने विचारलं, "ताई, तुम्ही कशाला?"

"तुझी फजिती बघायला नाही येत," नणंद म्हणाली. "बाबांकडे लक्ष कोण देणार? तू पुढे बघशील की त्यांना?"

पायथ्याशी सर्वांना विभागाच्या पिशव्या दिल्या. सगळ्या एकसारख्या, नारिंगी, पाठीवर अडकवायच्या. तिकीटबाईने नियम सांगितले. "कुणाला आडोशाला जायचं असेल, तर लाजू नका. आपली पिशवी वाटेवर, मधोमध ठेवायची आणि जायचं. मागून शेपूट येतंय. पिशवी दिसली की ते तिथं थांबेल. तुम्ही परत आल्याशिवाय हलणार नाही."

"म्हणजे पिशवी आपल्या जागी हजेरी लावणार," कारकून म्हणाले.

"आणि माझ्या पिशवीतल्या पावाची हजेरी माकडांनी लावली तर?" बेकरीवाला म्हणाला. सगळे हसले. सासऱ्यांना ऐकू आलं नाही, पण सगळे हसतायत म्हणून तेही हसले. तिकीटबाईने त्यांच्यासाठी नियम पुन्हा सांगितला, अर्ध्या कानाशी तोंड नेऊन, हातवारे करून. त्यांनी मान डोलावली.

वाट चांगली होती. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला झाडीतून खाली उतरत गेलेला उतार, आणि तळाशी धरणाचं पाणी. तिकीटबाई खडकाच्या बाजूला अंग चोरून चालत होती. तिच्या मागे सर, मग कारकून जोडपं, मग बेकरीवाले, मग सासरे, मग नणंद आणि शेवटी बुलेट. लाकडी पूल ओलांडला तोवर ऊन होतं. मग पाण्यावरून धुकं उठलं आणि बघता बघता झाडीतून वर आलं. आधी खालचं पाणी गेलं, मग उतार गेला, मग वाटेची कडच दिसेनाशी झाली. तिकीटबाईने सर्वांना जवळजवळ चालायला सांगितलं आणि वेग कमी केला. धुकं तिच्या तक्त्यात होतं. त्यासमोर तिने लिहिलं होतं, निवाऱ्यापर्यंत जावं, थांबावं, माणसं मोजावीत.

निवारा म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि तीन बाजूंनी भिंती. माणसं एकेक करून धुक्यातून आत आली, पिशव्या उतरवून बाकावर ठेवू लागली. शेवटी बुलेट आली. तिकीटबाईने पिशव्यांवर नजर फिरवली. सगळ्या होत्या. मग माणसांवर फिरवली, आणि पुन्हा एकदा फिरवली.

पिशव्या पुऱ्या होत्या. माणूस कमी होतं.

"बाबा कुठायत?" तिने विचारलं.

"म्हणजे?" नणंद म्हणाली. "पुढे तुमच्याबरोबर नव्हते?"

"ते तर मागे राहिले," बेकरीवाला म्हणाला. "मला वाटलं, लेकीबरोबर येतायत."

बुलेटने मागे वळून बाहेर पाहिलं. "मावशी, माझ्या मागे कुणीच नाही. शप्पथ. वाटेवर एकही पिशवी नव्हती. मी नीट बघत आले."

तिकीटबाई नणंदेकडे बघत होती. नणंदेच्या एका खांद्यावरची पिशवी बाकावर गेली होती, आणि दुसऱ्या खांद्यावर अजून एक होती.

"ताई, ही दुसरी कुणाची?"

"ही होय. वाटेत पडली होती कुणाची तरी. म्हटलं, विभागाची वस्तू, हरवली तर उत्तर तुलाच द्यावं लागेल. म्हणून आणली उचलून."

बुलेटने तोंडावर हात ठेवला. नणंदेने एकेकाकडे पाहिलं, मग पिशवी घाईघाईने उघडली. वर घडी केलेला मफलर होता. त्याखाली पत्र्याची छोटी डबी. ती डबी तिने ओळखली. ती खाली बसली आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो पुढे कित्येक दिवस तिकीटबाईच्या कानात राहिला.

इतका मोठा तक्ता, पण त्यात चांगल्या माणसाच्या चांगल्या हाताला रकाना नव्हता. आपली पिशवी ठेवा, हे तिने सांगितलं होतं. दुसऱ्याची उचलू नका, हे सांगायचं तिच्या मनातच आलं नव्हतं.

आता जे होतं ते असं होतं. म्हातारा माणूस कुठेतरी वाटेच्या खाली उतरला होता. परत वर आला असेल, तर वाटेवर ना पिशवी ना माणूस. वर आला नसेल, तर त्याहून वाईट. शिट्टी वाजवून उपयोग नव्हता, हाका मारून उपयोग नव्हता. त्यांचा उरलेला अर्धा कान या डबीत बंद होता. आणि उताराच्या तळाशी पाणी होतं. ते दिसत नव्हतं, म्हणून तिकीटबाईला ते सारखं दिसत होतं.

तिने सरांकडे पाहिलं. सर फोन हातात घेऊन उभे होते. "वनरक्षकांना मी कळवतो," ते हळू म्हणाले. "ते पायथ्यावरून निघतील, वेळ लागेल. गट तुमच्याकडे आहे."

तिकीटबाई नणंदेकडे वळली. "ताई, पिशवी कुठं उचललीत?"

"काय माहीत! धुकं होतं! ते बाकडं होतं ना वळणावर, तिथंच. तिथंच असेल."

"बुलेट, तू आणि बेकरीवाले दादा, दोघं जा. बाकड्यापर्यंतच. वाट सोडायची नाही. नाही सापडले तर सरळ परत."

दोघं धुक्यात शिरली आणि क्षणात पुसल्यासारखी नाहीशी झाली.

मग नणंद उठली. "आणि तू? तू इथं काय उभी राहिलीस? जा ना! तुझा सासरा आहे तो!"

"मी गेले तर इथं कोण, ताई?"

"इथं काय पुरून ठेवलंय?"

"माणसं आहेत. एक हरवलंय. दुसरं हरवायला नको."

"दगड आहेस तू. कोरडा दगड. बाबांनी तुला लेकीसारखं वागवलं, आणि तू नियम सांगतेस मला?" ती दाराशी निघाली. तिकीटबाई आडवी आली. तिने नणंदेचं मनगट धरलं. लग्नानंतर एवढ्या वर्षांत तिने कधी नणंदेच्या अंगाला हात लावला नव्हता.

ती दगड नव्हती. तिला धावायचं होतं. जन्मभर भीती वाटली की ती धावत आली होती, शेगडीकडे, दाराकडे, कुठेही. धावलं की भीती जरा पातळ होते. आणि आज पहिल्यांदाच तिला त्याच भीतीत पाय रोवून उभं राहायचं होतं. याची तयारी तिने कुठल्याच तलावात केली नव्हती.

तिने मफलर नणंदेच्या गळ्यात गुंडाळला. थर्मासमधला चहा कारकुनांच्या बायकोच्या हाती देऊन सर्वांना ओतायला सांगितलं. बेकरीवाल्याची बायको नवऱ्याच्या वाटेकडे डोळे लावून बसली होती; तिला तिने बाकाच्या आतल्या बाजूला सरकवलं. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून ती बघत राहिली.

बुलेट आणि बेकरीवाला परत आले. दोघंच. बेकरीवाल्याने नकारार्थी मान हलवली. बायकोने त्याची बाही घट्ट धरली.

"बाकड्यापाशी काही नाही," बुलेट रडवेली होऊन म्हणाली. "मावशी, मी उतरते ना खाली. मी जोरात उतरू शकते. सगळा उतार धुंडाळते. माझी चूक आहे, मला जाऊ दे."

"नाही."

"अगं मावशी..."

"जागा कळल्याशिवाय कुणी खाली उतरायचं नाही. खाली पाणी आहे, आणि तुला पायाखालचं दिसणार नाही."

हे बोलताना तिला वाटलं, आपण आत्ता सासऱ्यांना मारतोय. घरी गेल्यावर नवऱ्यासमोर उभं राहून हेच वाक्य पुन्हा म्हणावं लागेल. मी तिला जाऊ दिलं नाही. कारकुनांनी नजर वळवली. सरांनी शिट्टी मुठीत आवळली होती.

नणंद एकसारखी पुटपुटत होती. बाकड्यापाशीच होती, नाही, पुलापाशी असेल, नाही, मला काही आठवत नाही, मला का आठवत नाही. ती जितकी आठवायला जाई तितकं ते लांब पळे. तिकीटबाईने खिडकीमागे बसून अशी माणसं पाहिली होती. गाडी चुकलेली, पाकीट हरवलेली. त्यांना प्रश्न विचारला की ती आणखीच हरवत. विभागात तेच जरा शहाण्या शब्दांत शिकवलं होतं. घाबरलेल्या गटाला विचार करायला सांगू नका, हाताला काही तरी द्या.

"सगळे इकडे या," ती म्हणाली. "गोल बसा. जवळ. डोळे मिटा. मी हातात एक वस्तू देईन. नाव घ्यायचं नाही. बोटांनी चाचपायची आणि शेजाऱ्याला द्यायची. शेवटी सगळ्यांनी सांगायचं."

क्षणभर कुणाला कळेनाच.

"खेळ?" नणंद किंचाळली. "बाबा तिकडे, आणि तू खेळ घेतेस? लाज कशी वाटत नाही तुला!"

"वाटते," तिकीटबाई म्हणाली. "बसा, ताई."

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे. नणंद बसली. कारकून बसले, त्यांचे गुडघे कटकट वाजले. शिट्टीसरही बसले. परीक्षा घेणाऱ्याने खेळायचं असतं की नाही, हे कुणी ठरवलेलं नव्हतं.

पहिल्यांदा खडा फिरला. मग एक सुकी शेंग. बेकरीवाला म्हणाला, "हे माझ्या पहिल्या दिवशीच्या पावासारखं लागतंय," आणि न हसताच शेंग पुढे दिली. पण श्वास जरा खाली आले. कुणीतरी नाक ओढलं. बाहेर धुक्यात थेंब पडत होते. तिकीटबाईने भिंतीच्या कडेचं ओलं शेवाळ खरवडून काढलं आणि कारकुनांच्या हातात दिलं. ते फिरत फिरत नणंदेच्या हातात आलं.

नणंदेची बोटं थांबली. सवयीने तिने दुसऱ्या हाताने ते निपटलं, जसं ती ओल्या कापडाचं करत असे. पाणी मनगटावरून ओघळलं.

"ओली होती," ती डोळे मिटूनच म्हणाली.

कुणी हललं नाही.

"पिशवी ओली होती. वरून पाणी ठिबकत होतं तिच्यावर. खडकातून. थेंब थेंब. मला बघवलं नाही. म्हटलं, अख्खी भिजतेय." तिने डोळे उघडले. "म्हणून उचलली मी. रुमालाने पुसली. ठिबकता खडक, अगं! पुलानंतर लगेच!"

"मला माहितीय तो!" बुलेट उभी राहिली होती. "तिथं मी पाणी प्यायले!"

"जा," तिकीटबाई म्हणाली. "दोघं. दोरी घ्या. एकाने वाटेवरच थांबायचं. आणि त्यांच्या समोरून जा, पाठीमागून हात लावू नका. त्यांना ऐकू येणार नाही, दचकतील."

आणि पुन्हा वाट बघणं. हे आधीपेक्षा वाईट होतं, कारण आता जागा कळली होती आणि कल्पनेला उभं राहायला ठिकाण मिळालं होतं. ठिबकता खडक, समोर उतार, आणि त्याच्या तळाशी. तिकीटबाईने खेळ चालू ठेवला. पान फिरलं, चमचा फिरला, कारकुनांचं पेन फिरलं. नणंद डोळे मिटून हातात येईल ते घेत होती, पुढे देत होती, आणि तिच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. एकदा तिने वस्तू पुढे दिलीच नाही. तो तिकीटबाईचा हात होता. तिने तो तसाच धरून ठेवला.

आधी बुलेटची शिट्टी ऐकू आली. दोनदा. दोनदा म्हणजे काय, हे तिकीटबाईला पाठ होतं, तरी क्षणभर ते आठवेना. मग सर म्हणाले, "सापडले."

बेकरीवाल्याच्या पाठीवर सासरे होते. जन्मभर कणीक मळलेल्या त्याच्या दंडांवर ते पोत्यासारखे बसले होते, ओठ निळे, एका पायात बूट नाही, विजारीला चिखल. आडोशासाठी ते जरा जास्तच खाली गेले होते. लाज. परत येताना पाय घसरला, ते एका झाडाच्या बुंध्याला अडले आणि तिथून ना वर जाता येई, ना हाक ऐकू येई. झाड मोठं नव्हतं. झाडाच्या पलीकडे काय होतं हे बुलेटने सांगायला सुरुवात केली आणि तिकीटबाईने तिला हातानेच थांबवलं.

सासऱ्यांनी सगळ्यांकडे रागाने पाहिलं. "कुठं गेला होतात सगळे?" ते ओरडले. "मी तिथं वाट बघतोय तुमची!"

नणंद त्यांच्या पायाशी बसली होती, बूट नसलेलं पाऊल पदराने पुसत होती, आणि काहीतरी सांगत होती. ते त्यांना ऐकू येत नव्हतं. तिकीटबाईने डबी उघडली, यंत्र त्यांच्या कानात बसवलं, घोटा बांधला, आणि माणसं मोजली. मग पुन्हा मोजली.

वनरक्षक स्ट्रेचर घेऊन आले तेव्हा धुकं विरळ होत होतं. तिकीटबाई पुढे चालली. उतरताना ती एकदाही खडकाला टेकली नाही. तिच्या ते लक्षातच राहिलं नाही. पायथ्याशी शिट्टीसर तिच्याजवळ आले. "वाट पुन्हा करावी लागेल, मावशी. परीक्षा म्हणून ही धरता येणार नाही. माणूस मागे राहिला."

"हो सर."

"आणि पुढच्या वर्षीच्या मुलांना तो शेवाळाचा खेळ तुम्ही घेऊन दाखवा."

दवाखान्यातून नवऱ्याला फोन लावायचा होता. तिकीटबाईने लावला, आणि शब्द जुळवता जुळवता म्हणाली, "अहो, बाबा बरे आहेत. म्हणजे पाय दुखावलाय, गारठलेत. माझ्याकडून..."

नणंदेने फोन तिच्या हातातून काढून घेतला. "हे बघ, तिला काही विचारू नकोस. पिशवी मी उचलली होती. कसली पिशवी ते घरी सांगते. तिच्यामुळे आहेत बाबा, एवढं ऐक आणि दुकान बंद करून ये. आणि कोरडे कपडे आण. इस्त्रीचे."

मग ती बाकावर तिकीटबाईच्या शेजारी बसली. आणि तेव्हा तिकीटबाई थरथरायला लागली. आधी बोटं, मग हात, मग दात. बाकच हलायला लागलं. आतून सासऱ्यांचा आवाज येत होता. प्लास्टर नीट गुळगुळीत होत नाही म्हणून ते डॉक्टरांना पॉलिशचं काम समजावून सांगत होते.

"आता काय झालं?" नणंद घाबरून म्हणाली. "संपलं ना सगळं? आता कशाला घाबरतेस?"

"तिथं सवड नव्हती, ताई," तिकीटबाई दात आवळून म्हणाली.

नणंदेने गळ्यातला मफलर काढून तिच्या अंगाभोवती घातला. नर्स चाकांची खुर्ची घेऊन सासऱ्यांना न्यायला आली. तिने बाकावरच्या दोघींकडे पाहिलं, एक थरथरणारी, एक तिला आवळून धरणारी, आणि खुर्ची सरळ तिकीटबाईसमोर उभी केली.

"या, बसा," नर्स म्हणाली. "घाबरू नका, मी आहे."

"बस गं," नणंद म्हणाली. "म्हाताऱ्याला थांबू दे जरा."